स्टार्टरचा देव्हारा

शेवगाव,
१९ फेब्रुवारी १९७३

सहादेवराव पाव्हणे यांस कारभारीचा थेट पारनेरपर्यंत पोचेल असा रामराम. इकडे गिरणी, म्हैस आणि मी खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? तुमची बहीण सुखरूप पोचली असेलच. निघताना एवढंच म्हणाली, 'मी भावाकडं चालले.'

तिनं कारण सांगितलं नसेल तर मी सांगतो. दुष्काळामुळं सध्या सगळं गाव रेशनचा मिलो (ती तांबडी परदेशी ज्वारी) दळून नेतं. त्याचं पीठ उडून मोटारीच्या स्टार्टरमध्ये बसायचं, आतले पॉइंट जळायचे आणि गिरणी बंद पडायची. वायरमन म्हणाला, 'ह्येला पीठ लागू देऊ नगा, पेटीत घाला.' मी बन्सी सुताराला पेटी सांगितली. बन्सीनं जन्मभर देव्हारेच केलेले; त्यानं वर कळस आणि पुढं जाळीची दारं काढून दिली. जाळीतून पीठ जायचं ते गेलंच, शिवाय दळणाला आलेल्या बाया चपला काढून हळदीकुंकू वाहू लागल्या. छबूबाईनं (वय झालंय, दिसत नाही) आत उदबत्ती लावली. तिसऱ्या दिवशी स्टार्टर जळाला. देवच तो, अंगारा देऊन गेला.

मग तुमच्या बहिणीनं गोडेतेलाचा रिकामा डबा घेतला. मी हसलो (चूक झाली). तिनं झाकणाच्या कडेनं सायकलची जुनी ट्यूब बसवली, वायरी खालून घेतल्या. म्हणाली, 'पीठ वरनं पडतं, भोक खाली पायजे.' बटनासमोर आणखी एक भोक पाडून त्यावर ट्यूबचा तुकडा ताणला. आता डबा न उघडता बाहेरूनच बटन दाबायचं. वीस दिवस झाले, आत बोट फिरवलं तरी बोटाला पीठ नाही. खोटं कशाला बोलू, मोटारी बनवणाऱ्या साहेबालाही हे सुचलं नसतं. मी दिवसातून चारदा झाकण उघडून बघतो, नुसतं कौतुकानं.

वायरमन घोडेगावच्या गिरणीवाल्यांना पेटी दाखवायला घेऊन आला. त्यांनी विचारलं, कुणी केली? आता चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं? मी म्हणालो, 'घरचीच हाय.' त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी ती मारू दिली. तुमची बहीण दारातच उभी होती.

थोरांना नमस्कार, पोरांना पापा.

आपला,
कारभारी

ता. क. घोडेगावकरांना मी सहा पेट्या कबूल केल्यात. कोपऱ्यावर ट्यूब कशी वळवायची ते मला जमेना. बहिणीला बोलता बोलता विचारून कळवा. मी विचारलं म्हणू नका.

ता. क. दुसरा. तुमचा चष्मा फुटलाय, म्हणजे पत्र तीच वाचून दाखवणार, हे पाकीट चिकटवताना आठवलं. तर झुंबर, कोपऱ्यांचं राहू दे. आज घोडेगावकर परत आले होते. त्यांच्यासमोर तुझं नाव घेतलं. उखाणा जुळेना, म्हणून नुसतंच घेतलं.