टिल्काच्या बाईंशी गाठ

कोल्हापूर, ता. ४ डिसेंबर २०२४

ती. आबांना कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. ज्या टिल्का भाषेत मी कॉम्प्युटरचं काम करते, ती तयार करणाऱ्या मार्गिटबाई नॉर्वेहून इथल्या परिषदेला येणार आहेत. टिल्काला मराठी अक्षरं मोजता येत नाहीत. मी खपून दुरुस्ती पाठवली, ती बाईंनी ‘गरज नाही’ म्हणून परत केली. तेव्हापासून मन उडालंय. पप्पा म्हणतात, बँकेच्या परीक्षेला बस. परिषदेला जावंसंच वाटत नाही.

औषध चुकवू नका. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची नात,
अनुजा

कुरुंदवाड, ता. ७ डिसेंबर

चि. अनुजास अ. उ. आ.

एका बाईनं भाषा तयार केली म्हटल्यावर तुझी आजी म्हणाली, बाईच करणार, गडी नुसता ऐकतोय. मला तर तेबी ऐकू येत न्हाय!

न जायला काय झालं? बाई काय वाघ हाय व्हय? तिला मराठी येत न्हाय, मग चूक दिसणार कशी? दाखव की. चिडू नगंस, पण मान खाली घालूनबी बसू नगंस. आमचा ऊस तोडीला आलाय, टोळीचा पत्ता न्हाय.

काय झालं ते लगोलग कळव. जीव लागून राहिलाय.

तुझा आबा,
जोतीराम

कोल्हापूर, ता. १५ डिसेंबर

ती. आबांना सा. न. वि. वि.

काल गेलते! बाईंच्या पायात नव्या करकरीत कोल्हापुरी चपला. प्रश्न विचारायला उभी राहिले नि इंग्रजीच सुचेना. मग तशीच स्टेजवर गेले आणि टिल्काला तुमचं नाव उलटं लिहायला सांगितलं. यायला हवं होतं मरातीजो. पडद्यावर आलं मारीतोज! आणि चार अक्षरं मोजली सात. सभागृह हसलं, बाईंना काही कळेना. मी बोट ठेवून काना, मात्रा, वेलांटी कशा सुट्या पडल्या ते दाखवलं, मग माझी दुरुस्ती चालवली. मरातीजो!

आबा, बाईंनी माइक घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, ‘मी समजून न घेताच नकार दिला, चूक माझी.’ संध्याकाळी माझ्या शेजारी बसून त्यांनी ती दुरुस्ती टिल्कात घेतली. पप्पा मागच्या रांगेत बसलेले, मला पत्ताच नव्हता. बाहेर आल्यावर बँकेचं नाव काढलं नाही. भेळ मात्र दोनदा खाऊ घातली.

बाईंना तुम्हाला भेटायचंय. रविवारी आणू का? तुमच्या होकाराची वाट बघते.

तुमची,
अनुजा

कुरुंदवाड, ता. १८ डिसेंबर

चि. अनुजास अ. उ. आ.

इचारतीस काय? आण की! तुझं पत्र चौकात मोठ्यानं वाचलं.

एवढ्या लोकांत आपली चूक कबूल करती, ती बाई मनानं मोठी. नदीकाठची वांगी मी सोता आणणार हाय. तिखट बेतानं घाल म्हटलं, तर आजी सकाळपासनं रुसलीया. पण तिनंच पेटीतली साडीचोळी काढून ठेवलीया. म्हणती, एवढ्या लांबनं आलेली लेक रिकाम्या ओटीनं कशी धाडायची?

तुझा आबा