पाच तारखेची बाई

५ सप्टेंबर, मंगळवार

आलाच फोन! बरोबर साडेदहाला.

"बाई, जमा झाले का हो पैसे?"

आमच्या योजनेत साडेचारशे घरं. मुलं शाळेत टिकावीत म्हणून दर महिन्याला आईच्या खात्यात थोडी रक्कम जाते. बाकीचे फोन करतात ते भांडायला. साधं विचारायला करणारी ही एकटीच, तीही दर पाच तारखेला. मे महिन्यात या कचेरीत बदलून आले तेव्हापासून ओळखते तिला – म्हणजे आवाजानं. तोंड पाहिलेलं नाही. मी तिचं नावच ठेवलंय, पाच तारखेची बाई.

आज थोरलीबद्दल गाऱ्हाणं. "तेरा वर्षांची घोडी झालीय, पण वेंधळी ती वेंधळीच! परवा किल्ली आत ठेवून बाहेरनं कुलूप लावलं. काय करावं सांगा!" मी म्हटलं, आमचे चिरंजीव सव्वीस वर्षांचे झाले, अजून मोजे सापडत नाहीत. खळखळून हसली. घसा बसल्यासारखा आवाज आहे तिचा, दमलेला. पण हसते छान.

घरी यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला कचेरीत मैत्रीण मिळाली की!" मिळाली खरी.

५ ऑक्टोबर, गुरुवार

फोन आला. शेंडेफळाचा दात पडला म्हणे, वर्गात सगळ्यांना दाखवत फिरतेय. मधल्याला पाढे येत नाहीत. "आणि थोरली?" विचारलं तर म्हणाली, "तिचं काय, ती आहे आपली."

१२ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेकडून हजेरीचे कागद आले. तिच्या घरचा कागद मुद्दाम आधी काढला. मधला आणि धाकटी – एक दिवस चुकलेला नाही. थोरली मात्र महिन्यात नऊ दिवस गैरहजर. असंच चाललं तर तिघांचेही पैसे थांबतात, नियम तसा आहे. म्हटलं, कागद पुढे जायच्या आत सावध करावं. संध्याकाळी कचेरीतूनच फोन लावला.

"ताप होता हो तिला," ती म्हणाली. "आता बरी आहे. पाठवते रोज."

एवढ्यात मागून बारीक आवाज – "ताई! दूध उतू गेलं!"

आणि ही फोनवरच ओरडली, "अगं मग गॅस बंद कर ना!"

तो आवाज बाईचा नव्हता.

मग पुन्हा तोच बसका घसा, "शेजारची पोर आलीय हो, बाई. ठेवते."

ताई म्हणाली ती धाकटी. आई नव्हे. ताई.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

कुणाला बोलले नाही. यांनाही नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार

जाऊन आले. आमची सायकलवाली बरोबर होती – घरभेटी तीच करते, गल्ली न् गल्ली तिला पाठ. ती सारखी म्हणत होती, "बाई, कशाला जाताय? पोरं शाळेत जातायत ना, झालं की!" तेव्हाच ओळखायला हवं होतं की तिला माहीत आहे.

पंक्चरच्या दुकानामागे एक खोली. दाराबाहेर मोठ्या बाईच्या चपला. दोरीवर मोठ्या बाईचे कपडे, ओले, पाणी ठिबकतंय. मला वाटलं, चुकलंच माझं, आई आहे की घरात! बरं वाटलं क्षणभर.

दार थोरलीनं उघडलं. किडकिडीत, दोन घट्ट वेण्या. बोटांवर दोऱ्यानं कापल्याच्या बारीक खुणा. "आई कामाला गेलीय." म्हटलं, बसते मग. तिनं पाणी दिलं, तांब्या आधी पुसून. खोली अशी लख्ख की माझ्या घराची लाज वाटावी. गादीखाली घड्या घालून गणवेश दाबलेले. भिंतीवर वहीचा कागद – कुणी कधी उठायचं, कुणी भांडी, कुणी अभ्यास. धाकटीच्या नावापुढे लिहिलंय, "रडायचं नाही. रडलीस तर पाचच मिनिटं."

मग मी जे केलं ते आता लिहितानाही हात मागे येतोय. मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "आमच्या चिरंजीवांचे मोजे सापडले बरं का."

हसली! तशीच, खळखळून. मग तिला कळलं. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे भरले.

एका लेकराला मी जाळ्यात पकडलं. आणि मनात पहिल्यांदा काय आलं – सापडली!

नंतर सगळं सांगितलं तिनं. मार्चपासून आई घरी नाही. रोज सकाळी आईचे कपडे ती पाण्यात बुडवून दोरीवर टाकते. चपला रोज थोड्या हलवते. पैसे काढायचं कार्ड आईचं, आकडे हिला पाठ. पुरत नाही म्हणून आठवड्यातून दोन दिवस शिवणाच्या कारखान्यात धागे कापायला जाते. किल्ली आत राहिली ती खरीच गोष्ट. स्वतःचीच गाऱ्हाणी मला सांगायची – "आई तसंच बोलते माझ्याबद्दल, म्हणून."

"आई कुठे आहे?"

"येणार आहे."

"कुठून येणार?"

"येणार आहे."

दहा वेळा विचारलं. दहा वेळा तेवढंच. निघताना म्हणाली, "बाई, आता फोन नको करू का?"

१७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून फोनला चिकटले. इस्पितळं, पोलीस, तुरुंग, निराधार बायकांची घरं. त्या नावाची बाई कुठेही नाही.

साहेबांना सांगितलं. ते काही वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "बाई, तीन पोरं एकटी राहतायत हे आता तुम्हाला माहीत आहे. उद्या गॅसचा भडका उडाला तर?" दूध उतू गेलेलं मी कानांनी ऐकलंय.

सायकलवाली बाहेर वाट बघत उभी. म्हणाली, "शेजारची इस्त्रीवाली तयार आहे. रात्री तिघांना आपल्याकडे झोपवते, आत्ताही लक्ष ठेवतेच. तात्पुरता पालक म्हणून तिला दाखवा की! अर्ज असतो ना तसा?"

असतो. माझ्याच कपाटात आहे. इस्त्रीवालीचा अंगठा आणि खाली माझी सही – की जबाबदारी माझी. सहा महिने पोरं एकत्र, त्याच घरात, त्याच शाळेत.

मागच्या कचेरीत मी अशी एक सही केली होती. तिथं पालक म्हणून दाखवलेला मुलांचा काका पैसे खाऊन बसला आणि दोन वर्षं चौकशीला मी जात होते. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत.

सायकलवालीला म्हटलं, बघते.

१८ ऑक्टोबर, बुधवार

बालकल्याण कचेरीला पत्र गेलं. सही माझी. सही करताना पेन कुठे अडलं नाही, हेच लागून राहिलंय.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

आज नेलं त्यांना. मी गेले, कारण न जाणं भेकडपणाचं वाटलं. गेले तेही भेकडपणानंच – गाडीच्या मागे उभी राहिले.

तिघांना एकत्र ठेवायला जागा नाही म्हणे. थोरली मुलींच्या वसतिगृहात. मधला मुलांच्या, पार दुसऱ्या टोकाला. धाकटी दुसऱ्या गावी एका कुटुंबात – बरी माणसं आहेत, नवरा-बायको दोघं शिक्षक. "तिघांची शाळा चालू राहील, आठवड्याभरात दाखले मिळतील," बालकल्याणच्या बाई म्हणाल्या. मोठ्या आपुलकीनं म्हणाल्या.

थोरलीनं आरडाओरडा केला नाही. धाकटीच्या पिशवीत कपडे भरले, वर पेन्सिलीचा डबा ठेवला. मधल्याला म्हणाली, "सातचा पाढा." तो रडत रडत म्हणायला लागला. सात एके सात, सात दुणे चौदा... गाडी वळली तेव्हा कुठवर पोचला होता कोण जाणे. धाकटी रडली नाही. ताईकडे बघत होती, पाच मिनिटं मिळतात का म्हणून.

इस्त्रीवाली इस्त्री उभी करून नुसती बघत होती.

घरी हे म्हणाले, "तू योग्य तेच केलंस." मी त्यांच्यावर खेकसले. त्यांचा काय दोष!

२४ ऑक्टोबर, मंगळवार

सायकलवाली हल्ली मला "मॅडम" म्हणते.

६ नोव्हेंबर, सोमवार

काल पाच तारीख. रविवार होता, तरी साडेदहाला घड्याळाकडे बघितलंच. आज कचेरीत फोन सतरा वेळा वाजला. सतराही वेळा मीच उचलला.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

मुलींच्या वसतिगृहात गेले. रजा काढून, स्वतःच्या पैशानं. वही आणि रंगपेटी नेली होती – तेरा वर्षांच्या मुलीला रंगपेटी! दुकानात काही सुचलंच नाही.

अधीक्षिका चटपटीत बाई. हजेरी दाखवली – एक दिवस चुकलेला नाही. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "एक विचारू? ही पहिल्यापासून मुकी आहे का?"

मला कळेचना.

"आल्यापासून शब्द बोललेली नाही. डॉक्टरांना दाखवलं, घशात दोष नाही. वर्गात लिहून उत्तर देते. अक्षर छान आहे हो!"

मला भेटायला आणलं तिला. वेण्या कापल्यात, केस मानेपर्यंत. मी बडबडत राहिले – मधला बरा आहे, धाकटीला नवे बूट मिळाले, पत्र लिहिलंस तर मी पोचवीन. ती ऐकत होती. मग म्हटलं, "माझं चुकलं गं. मी थांबायला हवं होतं."

माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं! काम संपल्यावर माणूस बघतो तसं बघितलं, आणि रंगपेटी माझ्या हातात परत दिली.

ज्या पोरीकडे दोन माणसांचे आवाज होते, तिच्याकडे आता एकाचाही नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

कपाटातला तो अर्ज काढून वाचला. एक पान आहे. भरायला दहा मिनिटं लागली असती.

११ डिसेंबर, सोमवार

वार्षिक बैठक. साहेबांनी उभं राहून माझं कौतुक केलं. एकट्या पडलेल्या तीन मुलांना वेळेत शोधून सुरक्षित केलं, तिघांची हजेरी शंभर टक्के, असं काम सगळीकडे व्हायला हवं. टाळ्या. मीही दोन वाजवल्या, चुकून.

चहाच्या वेळी साहेब म्हणाले, "चेहरा का असा? मुलं शाळेत आहेत ना? आपलं काम तेवढंच." तेवढंच आहे. बरोबर आहे त्यांचं.

इस्त्रीवालीकडे जायचं ठरवलं होतं. गेले नाही. तिला काय सांगणार?

१९ डिसेंबर, मंगळवार

आज एक बाई आली. हातात कापडी पिशवी, अंगावर उन्हाळ्यातले कपडे या थंडीत. नाव सांगितलं – मी सगळीकडे फोन करून शोधलं होतं तेच – आणि मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

तुरुंगात होती. नऊ महिने. जिथं कामाला होती तिथली अंगठी उचलली म्हणे – "उचललीच होती," ती म्हणाली. पकडल्यावर पोलिसांना नाव दुसरंच सांगितलं होतं, पोरांपर्यंत कुणी पोचू नये म्हणून. पोचलं तर तिघांना वेगळं करतील. थोरलीला बजावून गेली होती – मान कापली तरी कुणाला सांगायचं नाही, मी येणार आहे.

सकाळीच सुटली. घरी जायच्या आधी इथं आली, यादीतून नाव कापलं नाही ना, ते बघायला.

"पोरं शाळेत जातात ना, बाई?"

"हो," मी म्हटलं.

"तिघंही?"

"तिघंही." खोटं नव्हतं त्यात काही.

तिनं डोळे पुसले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पिशवी खांद्याला लावली. "किती वाजता सुटते हो शाळा हल्ली?"