पुढची सीट पूर्ण मागे

रविवार, ८ मार्च, दुपार

प्रिय लहानग्या,

अनेक आशीर्वाद. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला लहानग्या म्हणू नये असं तुझे भाऊजी म्हणतात. मला दुसरं काही म्हणता येत नाही, त्याला इलाज नाही. तब्येत बरी असेल. आम्ही दोघं मजेत आहोत. भाऊजी घड्याळदुरुस्तीचं दुकान आता फक्त सकाळी उघडतात आणि दुपारी वेळ जावा म्हणून घरातली चांगली चालणारी घड्याळं खोलून बसतात. माझं शिवणकाम नेहमीसारखं.

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आज अचानक पत्र, म्हणून कुणी गेलं की काय असं समजू नकोस. सगळे जागच्या जागी आहेत. विशेष काही नाही, आम्ही नवी गाडी घेतोय एवढंच.

जुनी विकली. ती फार बुटकी होती, आणि भाऊजींची कंबर धरते. उंच गाडी हवी, पण मला गल्लीतून वळवता येईल एवढीच. छोटी एसयूव्ही म्हणतात तिला. आता हा शब्द मी भाजीवाल्यासमोरही सहज टाकते.

पहिल्या शोरूममध्ये एक गुळगुळीत दाढीचा, गुळगुळीत बोलणारा गृहस्थ भेटला. तो सगळं भाऊजींना सांगत होता. इंजिन त्यांना, ब्रेक त्यांना, मायलेज त्यांना. मी म्हटलं, "यांना गाडी चालवता येत नाही. चालवणार मी." तो म्हणाला, "हो हो, मॅडमसाठी इथे आरसा आहे बघा, दिवा लागतो त्याला." भाऊजींनी अगदी सभ्यपणे तो दिवा लावला, बंद केला, आणि आम्ही बाहेर आलो.

दुसऱ्या ठिकाणी मात्र चांगला माणूस निघाला. झुपकेदार मिशा, चांगला उंच, तुझ्याएवढा. मी पिशवीतून टेप काढली, आणि कापड आखायची लाकडी पट्टीसुद्धा. त्याला म्हटलं, "एक विनंती आहे, हसू नका. ही पट्टी तुमच्या उजव्या गुडघ्याला बांधते. मग पाय न वाकवता या सीटवर बसून दाखवा."

तो हसला नाही. "आधी चहा घेऊ का?" एवढंच म्हणाला. मग मी ओढणीनं पट्टी बांधली आणि तो बसला. आधी बूड टेकवलं, मग दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला. तीन गाड्यांत बसला बिचारा. दुसऱ्या गाडीत समोरचा खण उघडून त्याच्या मांडीवर पडला. तिसऱ्या गाडीतून उतरत असताना त्याचे साहेब आले आणि बांधलेल्या पायाकडे बघतच राहिले. मिशीवाला म्हणाला, "टेस्ट ड्राइव्ह चालू आहे सर."

पण जमलं नाही. पुढची सीट पूर्ण मागे सरकवूनही दोन इंच कमी पडतात. टेप खोटं बोलत नाही. आता आणखी दोन-तीन शोरूम बघायची आहेत. बघू.

आता तू विचारशील, कंबर भाऊजींची धरते तर पाय कुणाचा बांधला. तर ते नंतर लिहिते. दाराशी एक गिऱ्हाईक आलंय.

शुक्रवार, १३ मार्च

पत्र टाकलं नव्हतं. टेबलावर पडून होतं. बरं झालं, कारण वरचं अर्धंच खरं आहे.

गेल्या महिन्यात भाऊजी तुझ्याकडे येऊन गेले. मला न सांगता आले होते, परत आल्यावर सांगितलं. तुझी खोली, दारातली पायरी, ती तू भिंत धरून चढतोस ते. छापखान्याची प्रुफं घरी आणून वाचतोस आणि वाचताना पाय दुसऱ्या खुर्चीवर आडवा ठेवतोस तेही. शेवटी म्हणाले, "त्याने विचारलं, ताईचं मशीन अजून तसंच खडखडतं का?" माझ्यावर रागावलेल्या माणसानं असं विचारावं? दोन दिवस मी नुसतं मशीन चालवत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, गाडी घ्यायची.

कंबरेचं निमित्त होतं. गाडी तुझ्या त्या न वाकणाऱ्या पायासाठी बघत होते. माझ्या मापांच्या वहीत तुझं पान अजून आहे. कमरेपासून टाचेपर्यंत पंचेचाळीस इंच. तेवढं माप घेऊन मी शोरूम हिंडत होते. सोमवारी तिसरं बघितलं, तेही नाही. मंगळवारी चौथं, तेही नाही. संध्याकाळी भाऊजी कधी नव्हे ते माझी वही चाळत बसले होते. ते म्हणाले, "तुमच्या आईनं तुला मापं मुडपासकट, खालची दुमड धरून, लिहायला शिकवलं होतं ना? कापताना विसरू नये म्हणून?"

मी म्हटलं, "हो."

"म्हणजे ही पँटची लांबी झाली. पाय त्रेचाळीसच."

लहानग्या, तीस वर्षं मी कपडे शिवतेय. मुडपायचे दोन इंच माझ्या लक्षात नव्हते असं सांगितलं तर तू हसशील. सुरुवातीला खरंच लक्षात नव्हते. पण मिशीवाला त्या तिसऱ्या गाडीत पाय पसरून नीट बसला होता. टाच टेकली होती, वर जागाही उरली होती. तो मला म्हणाला, "बाई, पाय मावलाय. टेप काय म्हणते ते सोडा आता." आणि मी त्याच्याकडे बघून म्हटलं, दोन इंच कमी आहेत. तेव्हा मला माहीत होतं.

गाडीत तुझा पाय मावला की माझ्याकडे काहीच सबब उरत नव्हती, म्हणून मी ते दोन इंच धरून बसले होते.

तुला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशीही मी हेच केलं. तू फोनवर विचारलंस, "ताई, काही दिवस तुझ्याकडे येऊ का?" आणि मी म्हटलं, आमच्या गाडीत तुझा पाय मावणार नाही रे. तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. मोठी टॅक्सी करता आली असती. तुलाही ते कळत होतं. म्हणूनच तू नंतर फोन केला नाहीस.

खरं कारण आज लिहिते. सासूबाई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. नऊ वर्षं मी त्यांचं अंथरुणातलं सगळं केलं, आणि कुरकुर न करता केलं. मला पुन्हा तेच नको होतं. मी थकले होते. तसं वाटल्याची मला आता लाज वाटत नाही. लाज वाटते ती याची, की मी थकलेय असं तुला सांगितलं नाही आणि सगळं तुझ्या पायावर ढकललं. तू समजून घेतलं असतंस. नसतंस तर आपण भांडलो असतो, तेही या दोन वर्षांपेक्षा बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी मी एकटीच मिशीवाल्याकडे गेले. मला बघून त्याने आपणहून गुडघा पुढे केला. मी म्हटलं, नको, तीच तिसरी गाडी घेते. मग त्याने सीटकव्हर, पायपुसणी, काय काय यादीत घातलं. म्हटलं, कव्हरं मी घरी शिवीन, ती आधी खोडा. खोडली. पायपुसणीवर बराच वेळ अडलो, शेवटी ती त्याने अशीच दिली. कागदावर सही करताना म्हणाला, "ज्यांच्यासाठी घेताय ते येणार ना?" मी म्हटलं, विचारायचंय अजून.

म्हणून विचारतेय. गाडी उद्या मिळेल. परवा, रविवारी, मी एकटी लांबचा रस्ता चालवून हात बसवून घेते. त्याच्या पुढच्या रविवारी, २२ तारखेला, सकाळी दहा वाजता तुझ्या दारात असेन. शिवणाचं मशीन वरच्या मजल्यावर नेलंय, गिऱ्हाइकं जिना चढताना बडबडतात, बडबडू देत. खालची खोली तुझी आहे. कायमचा ये असं मी म्हणत नाही. महिनाभर ये, आठवडाभर ये, नुसता जेवायला ये आणि संध्याकाळी परत सोडायला लाव. मी आता थकलेली नाही, आणि पुन्हा थकले तर तुझ्या तोंडावर सांगेन.

नको म्हणायचं असेल तर तसं कळवू नकोस, मी आल्यावर दारात उभा राहून म्हण. मी तुला फोनवर नाही म्हटलं होतं. तू माझ्याकडे बघून म्हण. मी ऐकून घेईन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुला न्यायला आली नव्हती, ती

तुझी ताई