वरच्या मजल्याची प्रोव्हिजन

अण्णा, आपल्या निघोज्यातल्या घरावर वरचा मजला चढला. कुणी चढवला, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तुमच्या लेकीनं चढवला. आत्या तुम्हाला भर पंगतीत विचारायची ना, "एकुलती एक पोरगी, ती जाणार परक्या घरी, मग ह्या सळ्या कुणासाठी सोडल्यात रं?" त्याच पोरगीनं. आणि तुम्ही पानातली आमटी भुरकत म्हणायचात, "असू दे. प्रोव्हिजन हाय."

कंपनीत मेंटेनन्सला लागल्यापासून हा शब्द तुमच्या डब्याबरोबर रोज घरी यायचा. मी तेव्हा नववीत. संत तुकाराम नगरला मावशीकडे निघालो होतो आणि एका दुकानाच्या पाटीवर तोच शब्द दिसला, प्रोव्हिजन स्टोअर्स. आत बघते तर तूरडाळ, गूळ, काड्यापेट्या. मी म्हटलं, "अण्णा, तुमची प्रोव्हिजन इथं किलोवर मिळते." दुसरा कुणी बाप असता तर डाफरला असता. तुम्ही रस्त्याच्या कडेला पिशवी खाली ठेवून समजावत बसलात. "आगं, एकच की सगळं. तुझी आई पावसाच्या आधी डाळी-मिरच्या भरून ठिवती, ती बेगमी. सरकार बजेटात ठिवतं, ती तरतूद. आन् आमी भिंत बांधताना एक रिकामा पाइप सोडून देतो. आज त्यातनं काय जात न्हाई. पण उद्या वायर टाकायची झाली, तर भिंत फोडाय लागत न्हाई." भिंत फोडाय लागू नये, हा तुमचा देवधर्मच होता म्हणा ना!

त्याच वर्षी आपल्या घराचा स्लॅब टाकला. तुम्ही सुट्टी टाकून दिवसभर गवंड्याच्या डोक्यावर उभे. तो वैतागून म्हणतोय, "भाऊ, घर मी बांधतोय का तुमी?" आणि तुम्ही आपले इथं हे सोडा, तिथं ते सोडा. पुढं दर दिवाळीत वर जाऊन सळ्यांना सिमेंटचं पाणी फासायचात, गंजू नयेत म्हणून. आईनं त्यांनाच दोरी बांधली आणि वर्षानुवर्षं आपली धुणी तिथंच वाळली. मला वाटायचं, हौस असते एकेकाला.

नंतर हा शब्द मला कुठं कुठं भेटला म्हणून सांगू! माझ्या ऑफिसात नवा माणूस यायच्या आधी त्याचा लॅपटॉप, त्याचा पासवर्ड सगळं तयार ठेवायचं, ते माझंच काम. त्यालाही प्रोव्हिजनिंगच म्हणतात. आणि मग वकीलबाई. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरल्यावर त्यांच्यासमोर बसले, तर म्हणाल्या, "घाबरू नका, कायद्यात प्रोव्हिजन आहे." मला रडूच कोसळलं. त्या बिचाऱ्या पाणी द्यायला लागल्या. त्यांना काय माहीत, मला कुणाचा आवाज ऐकू आला ते.

लेकीला घेऊन आईकडे आले. गावात दोन दिवस 'माघारी आली' झालं आणि मग लोकांना दुसरा विषय मिळाला. पण अण्णा, खरं अवघड होतं ते स्वयंपाकघरात. मी जिरं मोहरीशेजारी ठेवावं, आईनं ते परत वरच्या फळीवर टाकावं. माझी भाजी तिला मिळमिळीत, तिची मला जहाल. भांडत नव्हतो आम्ही, नुसती भांडी आपटत होतो. मला माझा ओटा हवा होता. चहा कधी टाकायचा, हे मला ठरवायचं होतं. पण हे आईला सांगू कसं? नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई आईपासूनही वेगळी चूल मांडते म्हटल्यावर तिला काय वाटेल? म्हणून गवंड्याला सांगितलं, वर दोन खोल्या आणि बाथरूम, बस्स. ओट्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

मग एका सकाळी प्लंबरनं हाक मारली. नव्या खिडकीखालच्या कोपऱ्यात त्यानं गच्चीचा जुना गिलावा खरवडला, तर खाली टोपण लावलेला पाइप. "ताई, बाथरूमचा तर मागं हाय. हा ओट्याचा दिसतोय. कुणी सोडलाय?" आई जिन्यावर गुडघे धरत वर आली, पाइपाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या बापानं. स्लॅब पडला तवाच."

मी म्हटलं, तेव्हा तर मी नववीत होते!

"व्हय. मी बी हेच म्हनले. पोरीचं लगीन न्हाई, काय न्हाई, आन् तिचा ओटा कसला धरताय? तर हे म्हनले, कवा आलीच माघारी, तर पावनी म्हनून नगं. तिची चूल तिला पायजे. आन् मायलेकींचं एका ओट्यावर आजवर कुनाचं पटलंय?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुला वाटलं असतं, आई घालवून देतीय."

मी तिथंच वाळूच्या ढिगावर बसले आणि हसत हसत रडले. दोघी एकाच भीतीनं गप्प होतो, आणि तुम्ही आम्हा दोघींना ओळखून पाइप सोडून गेलात. इतकी माया करत होतात, तर तोंडानं एकदा म्हणायचं तरी होतंत, अण्णा!

ओटा त्याच कोपऱ्यात झाला. भिंत फोडावी लागली नाही. गवंड्यानं विचारलं, नव्या स्लॅबवर सळ्या सोडू का? म्हटलं, सोडा. कुणासाठी, ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हे पत्र कुठं धाडायचं, ते काही मला ठाऊक नाही. डाळीच्या डब्याखाली घालून ठेवते. फक्त एक कबूल करते. पहिल्या दिवशी माझ्या ओट्यावर चहाचं आधण ठेवलं आणि जिन्यातून खाली ओरडले, "आई, वाटीभर साखर दे गं!" ती गुडघे धरत, बडबडत, वाटी घेऊन वर आली. मग दोघींनी वरच चहा प्यायला. अण्णा, साखर माझ्याकडे डबाभर होती.