पोत्यातली चॅम्पियन

३ ऑगस्ट
शिंक आली, कमरेचा सारोंग बदलला. बाळाच्या, गालिहच्या जन्मापासून हे असं होतंय, पण फक्त शिंकताना. आणि खोकताना. आणि खूप हसलं तर. एकूण प्रकार किरकोळ.
सुईणबाई म्हणाल्या, लघवी रोखताना आवळतेस ना, तेच खालचे स्नायू रोज आवळ, जरा धर, सोड. पोट नाही हं आवळायचं. हो म्हटलं. उद्यापासून.
सतरा तारखेला आपल्या इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाची पोत्यांची शर्यत आहे. लग्न होऊन आल्यापासून बक्षिसाची बादली दरवर्षी माझीच. पलीकडच्या गल्लीतली एंडांग म्हणते म्हणे, ती आता लेकुरवाळी, तिला कुठल्या उड्या झेपायला! बघतेच.

५ ऑगस्ट
भात शिजेपर्यंत व्यायाम करायचं ठरवलं. बाळ रडलं. पण इच्छा होती, तीही धरायला हवी.

८ ऑगस्ट
शोध लागला! व्यायामाची गरजच नाही. बाळंतिणीच्या पोटाला गुंडाळतात तो लांबलचक पट्टा, स्टागेन, सासूबाईंकडून घेऊन कचकचून आवळला. आज्या-पणज्या काय वेड्या होत्या? श्वास घेता येत नाही, म्हणजे गुण येतोय.
सुईणबाई करवादल्या, अगं, वरून दाबलंस तर खालून येणारच! शिकल्या खूप, पण परंपरेची कदर नाही.

१२ ऑगस्ट
तेगुहने विनोद केला. मी हसले नाही. नवरा रुसला. त्याला काय सांगू? पूर्वी किती खदखदून हसायचे मी. आठवून रडू आलं. रडताना काही होत नाही, तेवढं बरंय.

१६ ऑगस्ट
अंगणात एकच उडी मारून पाहिली. स्टागेन सैल होता, दुसरं काही नाही. उद्या दोन गुंडाळीन.
सासूबाई म्हणाल्या, नको गं शर्यतीत उतरूस. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या कधीच उतरल्या नाहीत. दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.

१७ ऑगस्ट, दुपार
पहिल्या फेरीत पहिली! पण पोत्यातून बाहेर पडण्याची सोय राहिली नव्हती. तशीच उड्या मारत मैदानाबाहेर, गल्लीतून थेट घरी. लोकांना वाटलं, विजयाची मिरवणूक. टाळ्या काय, शिट्ट्या काय!
फायनलसाठी पोतं मागायला एंडांग दारात हजर. सासूबाईंनी तिला तिथूनच कटवलं. म्हणाल्या, पोतं फाटलंय, दुसरं घ्या, आणि आमची सून दमलीय. बादली एंडांगला मिळाली.
मग सासूबाईंनी कोरडा सारोंग दिला. हळूच म्हणाल्या, माझे गुडघे ठणठणीत आहेत गं.
कळायला जरा वेळ लागला. मग दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की आणखी दोन सारोंग काढावे लागले.
डोळे पुसत मी म्हटलं, व्यायाम उद्यापासून नक्की. सासूबाई म्हणाल्या, तेगुह जन्मल्यापासून मीही हेच म्हणतेय.