दुखण्याचा आकडा

आल्मेरे,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. मल्हार,

अनेक आशीर्वाद. तुझा पत्ता कुमुदिनीआत्याकडून मिळवला, तिच्यावर रागावू नकोस. अठरा वर्षांनी सख्ख्या भावाला पत्र कसं सुरू करतात मला माहीत नाही, म्हणून शाळेत शिकवल्यासारखं करते: इकडे सर्व खुशाल.

रविकांतची नोकरी ठीक. सानिका सोळा वर्षांची झाली, तिला तू पाहिलंच नाहीस. मी मराठीत ओरडते, ती डचमध्ये उलट उत्तर देते आणि आमचं भांडण छान रंगतं. बाकी पाऊस, वारा, सायकल आणि पुन्हा पाऊस.

मागच्या वर्षी मला नागीण झाली. फोड गेले, पण बरगडीखालची आग गेली नाही. साधा टीशर्ट घासला तरी जीव जातो. गोळ्यांनी डोकं तेवढं जड व्हायचं. शेवटी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या वस्तीतल्या डॉक्टरीणबाईंकडे, वेगळं औषध मागायला गेले. ते सगळ्यांना देत नाहीत. बाकीचे उपाय करून झालेले हवेत आणि दुखणंही तेवढं हवं. बाईंनी विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतं?"

मी म्हटलं, चार.

हसू नकोस. आपल्या घरात एकशे दोन ताप असला तरी "अंग जरा गरम आहे" म्हणायचं, तिथलीच मी.

शेजारी सानिका बसली होती. ती बाईंना म्हणाली, "आई खोटं बोलतेय. बाथरूममध्ये टॉवेल तोंडात धरून रडते. नऊ लिहा." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नऊ लिहून घेतलं. पुरावा मागितला नाही.

आता रोज जिभेखाली थेंब घेते. कितीतरी महिन्यांनी डाव्या कुशीवर झोपले. त्या बाटलीत काय आहे ते लिहायचं टाळत दीड पान भरलं. गांजा आहे, मल्हार. गांजाचं तेल.

मोटारसायकलवरून पडल्यावर तू सांगत होतास, पाठ दुखते म्हणून ओढतो. तुझ्या गादीखालची पुडी मीच बाबांना दाखवली, हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. तुला घराबाहेर काढण्याआधी बाबांनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं होतं, "नंदे, त्याची पाठ खरंच दुखते का गं?" मी म्हणाले, "नाटकं करतो."

त्याच सकाळी तुला वाकता येत नव्हतं म्हणून तुझ्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या होत्या.

माझं लग्न ठरत होतं. घरात गंजेडी आहे हे रविकांतच्या घरी कळेल, याची भीती वाटली. बस, एवढंच. याहून बरं कारण खूप शोधलं, सापडलं नाही. बाबा तुला नाटकी समजूनच गेले, ते पाप माझं.

माफी कुठल्या तोंडानं मागू? तेव्हा विचारायला हवं होतं ते आज विचारते. शून्य ते दहामध्ये तुला किती दुखत होतं? अजून दुखतं का? बाकी काही लिहू नकोस, नुसता आकडा पाठव. तू लिहिशील तो मी खरा मानेन.

आणि वर "सर्व खुशाल" लिहिलंय, ते खोडून वाच.

तुझी,
नंदाताई