अकरा गुंठे पोटखराब

मी, श्रीमती काशी हरिचंद्र म्हसकर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चहा पिऊन आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझी तब्येत उत्तम आहे. मजकूर मी सांगितला, नात रिद्धीने टाईप केला. तिने मध्ये मध्ये सुधारणा सुचवल्या, त्या मी फेटाळल्या आहेत.

१. राहते घर व त्यातील भांडीकुंडी माझा एकुलता मुलगा धर्मेश याला द्यावीत. पितळी हंडा मात्र सुनेचा, कारण तो घासला तिनेच.

२. सोन्याच्या दोन पाटल्या रिद्धीला. त्या मोडून मोबाईल घेऊ नये.

३. आता मुख्य गोष्ट. ओढ्यालगतची अकरा गुंठे जमीन माझ्या एकटीच्या मालकीची आहे. वडिलांच्या पश्चात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मला हक्कसोडीवर सही करायला बसवले. मी हटून बसले, तेव्हा माझा धाकटा भाऊ बाळ हसत म्हणाला, "अक्का, येवढी रुसू नको. तो पोटखराबा घे तुझ्या नावावर." सातबाऱ्यावर जी जमीन पिकत नाही तिला पोटखराब म्हणतात. तिथे कायम पाणी, लव्हाळे आणि कुमुदिनी. भात कधी झाला नाही. शेजारी बिल्डरचा टॉवर येऊन भाव चढल्यापासून बाळ हसत नाही. त्याला त्या सातबाऱ्याची एक प्रत फ्रेम करून द्यावी. दुसरे काही देऊ नये.

४. या जमिनीबाबत माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे कबूल करते. दोन वर्षांपूर्वी वैशाखात बिल्डरच्या वतीने नूतन नावाची मुलगी पाहणीला आली. राहणार उल्हासनगर कॅम्प एक, घरात सिंधी, कॉलेजात मराठी मैत्रिणी, त्यामुळे बोलणे दोन्हीकडचे. इमारती झाल्या तर इथली झाडे, पाणथळ आणि पक्ष्यांची घरटी यांचे काय होईल, याचा अहवाल ती लिहिणार होती. तिने विचारले, "आजी, इथे काय काय आहे?" जागा बिल्डरला देऊ म्हणतो म्हणून मी धर्मेशवर चिडले होते, तिलाही बिल्डरचीच समजले. म्हटले, "काय नाय. पोटखराब हाय."

"अरे! कधीपासून?"

"बापाच्या वेळेपासून."

"डॉक्टरला दाखवलं?"

"तलाठ्याला दाखवलाय."

ती घाबरलीच. "बसा आजी, हिलना मत," म्हणत नाक्यावर पळाली आणि ओआरएसच्या चार पुड्या व शहाळे घेऊन आली. मी शहाळे प्यायले. कोणी इतक्या मायेने पाजल्यावर नाही कसे म्हणायचे? माझ्या आजारपणामुळे तिने जागा आतून पाहिलीच नाही. कडेचे पाणी आटलेले होते. अहवालात लिहिले गेले: दुर्मिळ वनस्पती शून्य, घरटी शून्य. माझ्या एका शब्दाने तिथली सगळी वस्ती कागदावरून उठली. पुढे रिद्धीने अहवाल वाचून दाखवला तेव्हा मला हे कळले.

५. श्रावणात नूतन पुन्हा आली, माझ्या पोटाची चौकशी करायला. मी तिला सातबारा दाखवला. आधी ती हसली, मग रडली, मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरली. कमळपक्ष्याची चार पिल्ले पानांवरून चालत होती. तिने सांगितले की या जातीत अंडी नर उबवतो, पिल्लेही तोच वाढवतो, मादी आपली पुढे निघून जाते. घरी आल्यावर मी भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे बराच वेळ पाहिले. ह्यांनी जन्मात एक कपबशी विसळली नव्हती.

६. याच जागेच्या वरच्या कातळाकडेला खरपुडीचे सात वेल आहेत. कंदिलासारखे फूल येते. नूतन म्हणते, फार दुर्मिळ आहे. दुर्मिळ होण्यात माझाही हात आहे, लहानपणी आम्ही तिचे कंद खणून भाजून खाल्ले. यापुढे कोणी खणू नये. चवीला काही विशेष नसतात.

७. हे सगळे पाहून नूतनने दुसरा अहवाल लिहिला, तो तिच्या साहेबाने घेतला नाही. मग तिने नोकरी सोडून तो स्वतःच्या नावाने सरकारी कचेरीत दिला. चौकशी चालू आहे. ती संपेपर्यंत मी असेन की नाही ठाऊक नाही, आणि मी गेल्यावर वारसाने जागा विकली तर चौकशी कशाची करणार? म्हणून हा सगळा खटाटोप. नूतनने मला दिलेली दुर्बीण तिला परत द्यावी.

८. धर्मेशला या जागेच्या बदल्यात दोन फ्लॅट कबूल झाले होते. त्यावरून आम्ही आठ महिने एका ताटावर बसून अबोला धरला. जमीन एखाद्या संस्थेला द्यावी, असे माझ्या मनात होते. पण गेल्या वैशाखात तो बिल्डरच्या माणसाला जागा दाखवायला गाडी घेऊन गेला. मी गच्चीवरून दुर्बिणीने पाहत होते. टिटवी कर्कश ओरडत गाडीवर धावून आली. धर्मेश खाली उतरला. खडीत चार अंडी होती. त्याने भोवती दगड मांडले आणि गाडी थेट रस्त्यापर्यंत उलटी नेली. बिल्डरचा माणूस पांढरी पँट सावरत मागून चालत आला. संध्याकाळी मी विचारले तर म्हणाला, "आये, कोनाला सांगू नको. गाडी गरम झालेली."

मी कोणाला सांगितले नाही, फक्त इथे लिहिले आहे.

म्हणून ही अकरा गुंठे जमीन धर्मेशने हयातभर सांभाळावी. भराव घालण्याचा, विकण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच्यानंतर ती रिद्धीची. वकील म्हणाले, विश्वास आहे तर अट कशाला? आमच्या घरात दोन्ही एकत्र नांदतात.

९. आमच्या घरातून नदीकाठच्या स्मशानात जायची जवळची वाट याच जमिनीच्या बांधावरून जाते. ह्यांना तिथूनच नेले. मी वैशाख ते भाद्रपद या काळात गेले तर मला तिथून नेऊ नये. मोठ्या रस्त्याने, वळसा घालून न्यावे, फटाके वाजवू नयेत. खांदेकऱ्यांना त्रास होईल, पण वाटेत त्यांना चहा पाजावा. मला काही घाई नसेल.

वरील मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे.

(सही) काशी हरिचंद्र म्हसकर

साक्षीदार:
१. डॉ. यशोधरा राजेंद्र केणे, बदलापूर पूर्व. (पोट तपासले, ठणठणीत.)
२. नाथा विठोबा शेलार, शेजारी, शिरगाव.

ठिकाण: शिरगाव, बदलापूर पूर्व
दिनांक: १८ जानेवारी २०२६